खाणीकडे वळलेला टँकर

तिला सगळे कडक मावशी म्हणत. इस्त्रीमुळे म्हणत की स्वभावामुळे, यावर गल्लीत एकमत नव्हतं. तिच्या लाँड्रीतून आलेल्या शर्टाची कॉलर अशी ताठ असायची की घालणाऱ्याला मान खाली घालता येऊ नये. बोलणंही त्याच घडीचं. दूध आलं की आधी हुंगायची, मग पातेल्यात ओतायची. दुकानदाराने "ताजं आहे मावशी" म्हटलं की तेवढ्यावरूनच ते शिळं असल्याची तिची खात्री पटायची. नवरा म्हणायचा, "हिने मला पसंत केलं ना, तेव्हासुद्धा आधी उलटा करून शिवण तपासली होती."

हा संशय तिला उगाच जडलेला नव्हता. आईबाप लवकर गेले. पाठच्या भावाला कडेवर घेऊन वयाच्या मानाने फार लवकर ती एका इस्पितळाच्या धोबीखान्यात कामाला लागली. तिथल्या मोठ्या बाईने पहिल्याच दिवशी तिला बजावलं होतं, की चादर हातात आली म्हणजे आधी ती कुठे जाऊन आलीय याचा विचार कर. चादरींच्या घड्यांत सुया निघायच्या. शेजारच्या मोरीवर काम करणाऱ्या एका मुलीला अशीच सुई टोचली, ती पुढे आजारी पडली आणि परत कामावर आली नाही. तेव्हापासून मावशी कुठलंही कापड उलटं केल्याशिवाय पाण्यात घालत नसे. माणसांच्या बाबतीतही तेच.

पुढे तिचं लग्न एका ट्रक ड्रायव्हरशी झालं. अबोल माणूस होता. दोन वाक्यं बोलायची असली तर एकात भागवायचा. भाऊ बहिणीबरोबरच तिच्या घरी आला आणि तिथेच वाढला. घराच्या पुढच्या खोलीत तिने लाँड्री टाकली. एक जुनं धुण्याचं यंत्र, लांबलचक टेबल, दोन इस्त्र्या आणि मागच्या अंगणात स्वतःची बोअर. त्या बोअरचं पाणी इतकं मऊ होतं की चिमूटभर पावडरीत बादलीभर फेस व्हायचा. लोक तिच्या हाताला गुण आहे म्हणत. ती म्हणायची, हाताला काही नाही, पाण्याला आहे.

असं सगळं रुळावर होतं तेव्हा कंपनी आली.

शहराच्या कडेच्या माळाखाली, फार खोल, दगडाच्या थरात गॅस अडकून बसला होता. साध्या विहिरीने तो वर येत नव्हता. म्हणून आधी सरळ खाली भोक पाडायचं, मग तेच भोक दगडातून आडवं न्यायचं, आणि त्यातून पाणी, बारीक वाळू आणि कसलीकसली रसायनं प्रचंड दाबाने आत सोडून दगडच फोडायचा. भेगा पडल्या की वाळू त्या भेगा उघड्या धरते आणि गॅस सुटतो. पण गॅसबरोबर आत घातलेलं पाणीही, जमिनीच्या पोटातलं काय काय सोबत घेऊन, उलटं वर येतं. ते पाणी टँकरने उचलून शुद्धीकरण केंद्रात न्यायचं, असं नगरपालिकेच्या सभागृहात कंपनीच्या माणसाने सगळ्यांना समजावून सांगितलं. त्याच्याकडे काचेचा एक नमुनाही होता. बटण दाबलं की आत निळे दिवे लागायचे.

मावशी उभी राहिली आणि तिने एवढंच विचारलं, की त्या पाण्यात घालता काय?

तो हसून म्हणाला, की बहुतेक सगळं पाणी आणि वाळूच असते, उरलेलं चिमूटभर. आणि त्यातल्या बऱ्याच गोष्टी आपल्या प्रत्येकाच्या स्वयंपाकघरात असतात.

"कुठल्या?"

ते मात्र सांगता येणार नाही, कारण ते कंपनीचं व्यापारी गुपित आहे, चांगला आचारी आपला मसाला सांगतो का, असं तो म्हणाला आणि सभागृह हसलं. मावशी खाली बसली. शेजारी बसलेल्या भावाच्या कानाशी लागून म्हणाली, "स्वयंपाकघरात असतं तर नाव घ्यायला याचं काय जातं?"

भावाने तिला कोपराने ढोसलं. त्याने कंपनीत अर्ज केला होता.

त्याला नोकरी लागली. ट्रकमधून वाळू उतरवून मोठ्या पेटाऱ्यात ओततात, तिथे. नवऱ्याच्या मालकाने ट्रक विकून टँकर घेतले आणि उलटं आलेलं पाणी वाहून न्यायचं कंत्राट मिळवलं. नवरा टँकरवर गेला. आणि महिन्याभरात कामगारांचे निळे बॉयलर सूट धुण्याचं कामही मावशीकडेच आलं, कारण एवढ्या कपड्यांना पुरेल असं पाणी गल्लीत तिच्याचकडे होतं. तिने दुसरं, मोठं यंत्र घेतलं. आता घरातली तिन्ही माणसं कंपनीचं खात होती, आणि ज्याचं खातो त्याच्याकडे वाकड्या नजरेने बघणं मावशीलाही जड जात होतं. पण कपडे रोज तिच्याच हाताखालून जात होते, त्याला ती तरी काय करणार.

पहिल्यांदा तिला खटकली ती पूड. वाळूकडच्या कामगारांचे सूट झटकले की पांढरी पूड उडायची. पीठ उडालं तर थोड्या वेळाने खाली बसतं. ही बसायची नाही. खिडकीतून उन्हाचा पट्टा आत यायचा, त्यात ती तरंगत राहायची; मावशी टेबल पुसून, जेवून परत आली तरी तरंगतच असायची. तिने नाकाला फडकं बांधलं आणि कपडे झटकायचं सोडून आधी भिजवायला सुरुवात केली. भावाला विचारलं, की नाकातोंडावर काय बांधतोस? कंपनीने कागदी पट्टी दिली होती, ती घामाने दुपारपर्यंत लोळागोळा व्हायची. तो खोकायला लागला होता. हवा बदलली म्हणून, म्हणायचा. मग थंड पाणी प्यायलो म्हणून. दर वेळी कारण नवं निघायचं, तेव्हा मावशीच्या मनात पाल चुकचुकली.

दुसरी गोष्ट नवऱ्याच्या पायजम्याची. म्हणजे कामावरच्या पँटची. घरात तिला सगळेच पायजमे. पाचोळ्यासारख्या कडक झालेल्या त्या पँटीवर गुडघ्यापाशी मिठासारखी पांढरी रेघ उमटायची, ते ठीक होतं, टँकरचं पाणी खारट असतं हे त्यानेच सांगितलं होतं. पण बुटांना आणि पँटीच्या खालच्या दुमडीला लाल चिकण माती असायची. शुद्धीकरण केंद्राचा रस्ता शेवटपर्यंत डांबरी होता. विहिरींच्या जागेवर सगळी खडी अंथरलेली. मग लाल माती येते कुठून?

तिने सहज विचारल्यासारखं विचारलं. तो म्हणाला, "असते कुठेतरी." आणि जेवणाचं ताट पुढे ओढलं.

शेजारच्या शिंपीणबाईने हे ऐकलं तेव्हा दातात धरलेला दोरा तोडून ती म्हणाली, की मावशी, पुरुषाच्या बुटाला अनोळखी माती लागली की बाई शोधायची. मावशीने तिला झटकून टाकलं, पण आठवडाभर तिने नवऱ्याचा प्रत्येक रुमाल हुंगला. रुमालांना बाईचा वास नव्हता. रॉकेलमध्ये अंडं कुजल्यासारखा एक वास होता, आणि तो तीनदा धुतला तरी जात नव्हता.

मग बोअर बिघडली.

आधी साबणाला फेस येईना. मग पांढरे शर्ट धुऊन वाळत घातले की पिवळट दिसायला लागले. इस्त्री फिरवली की कापडावर तपकिरी ठिपके उठायचे. मावशीच्या दोन्ही हातांना मनगटापर्यंत खाज सुटली. बोटांच्या बेचक्यांत कातडी फाटली. शाळेच्या मुख्याध्यापिका आपली पांढरी साडी परत घेऊन आल्या आणि काही न बोलता टेबलावर ठेवून गेल्या. त्या बोलल्या असत्या तर मावशीला बरं वाटलं असतं.

पाण्यात कोणीतरी काहीतरी कालवतंय, एवढं तिला कळत होतं. कोण, हे शोधायला तिने लांब पाहिलंच नाही. तिच्या अंगणाच्या भिंतीपलीकडे बॅटरीवाल्याचं दुकान होतं. गाड्यांच्या जुन्या बॅटऱ्या उघडायच्या, त्यातलं तेजाब ओतायचं, नव्या पट्ट्या बसवायच्या, हा त्याचा धंदा. तो बरीच वर्षं तिथे होता आणि त्याने कधी कुणाच्या वाळत घातलेल्या कपड्यावर धूरसुद्धा येऊ दिला नव्हता. पण संशयाला जागा हवी होती आणि तो जवळ होता. मावशीने गल्लीच्या मधोमध उभं राहून त्याला नाही नाही ते ऐकवलं. तू अंगणात तेजाब ओततोस, तू आमचं पाणी नासवलंस. तो सांगत राहिला, की मावशी, मी डबे भरून ठेवतो, भंगारवाला घेऊन जातो, येऊन बघा. आणि माझी स्वतःची बोअरसुद्धा बिघडलीय. ती म्हणाली, बिघडणारच, तूच ओततोस ना.

गल्लीने मावशीचं ऐकलं. गिऱ्हाइकं तुटली. पोरांना त्याच्या अंगणात जायची बंदी झाली. दोन-तीन महिन्यांत त्याने गाशा गुंडाळला आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला गेला. जाताना भरून ठेवलेले तेजाबाचे डबे त्याने हातगाडीवर रचून सगळ्यांसमोरून नेले. मावशीने ते दारातून पाहिले. ते सगळे झाकणापर्यंत भरलेले होते. तिने दार लावून घेतलं.

त्याच्या जाण्याने पाणी सुधारलं नाही. उलट आता कपड्यांना तो वासही यायला लागला. ओला टॉवेल नाकाशी धरला आणि मावशी जागच्या जागी थबकली. नवऱ्याच्या रुमालांना येत होता तोच.

दुसऱ्या दिवशी दुपारी धुतलेल्या सुटांची गाठोडी कंपनीच्या फाटकावर पोचवायला निघाली तेव्हा तिने टेम्पोवाल्याला परतीच्या वाटेवर डांबरी रस्त्याच्या वळणापाशी थांबायला सांगितलं. त्याला वाटलं, मावशीला उलटी होतेय. ती बाभळीच्या झुडपाआड उभी राहिली. शुद्धीकरण केंद्राकडे टँकर सरळ जायला हवा होता. पहिला आला तो सरळ गेला नाही. डावीकडे कच्च्या वाटेने वळला. दुसराही वळला. तिसऱ्याच्या काचेवर आतून चिकटवलेलं पिवळं फूल तिने ओळखलं. ते तिनेच चिकटवलं होतं.

ती टँकरच्या मागे चालत गेली. वाट एका जुन्या, बंद पडलेल्या मातीच्या खाणीपाशी संपत होती; तिथून कधीकाळी विटांसाठी लाल माती काढत. खाणीत आता तळं झालं होतं. पाण्यावर इंद्रधनुष्यासारखी तेलकट साय होती, काठावरची झुडपं करपली होती, आणि त्या तळ्याचा उतार होता तिच्या गल्लीकडे. नवरा टँकरच्या मागे उभा राहून जाड नळी खाणीत सोडत होता. नाकातोंडाला त्याने रुमाल घट्ट बांधला होता.

मावशीने हाक मारली नाही. आली तशी परत गेली.

संध्याकाळी तो घरी आला, हातपाय धुऊन बसला. तिने ताट वाढलं आणि समोर बसून म्हणाली, "आज मी खाणीवर आले होते."

त्याने घास परत ताटात ठेवला. म्हणाला, "केंद्रात रांग लागते. एवढं पाणी घ्यायची त्यांची ताकदच नाही. साहेबांनी सांगितलं, तिकडे सोडा. सगळेच सोडतात."

"काय असतं त्यात?"

"मिठाचं पाणी असतं म्हणाले."

"मिठाच्या पाण्याला तोंड कशाला बांधत होता?"

त्याने ताट बाजूला सारलं. भाऊ आतल्या खोलीत खोकत होता. मावशी उठली, आणि इतकी वर्षं ज्या माणसाचा प्रत्येक कपडा उलटा करून पाहिला त्याला आपण नीट पाहिलंच नाही असं तिला वाटलं. ती रडली नाही. तिला बॅटरीवाल्याचे ते भरलेले डबे दिसत राहिले.

त्याच सुमारास भावाचं दुखणं उघडं पडलं. दोन जिने चढला की त्याला खाली बसावं लागे. कंपनीच्या डॉक्टरांनी तपासलं आणि विडी-सिगारेटचा परिणाम म्हणून सांगितलं. त्याने आयुष्यात सिगारेट ओढली नव्हती. लहान असताना मावशीने एकदा त्याचं तोंड हुंगून नुसत्या संशयावरून त्याला बदडलं होतं, तेवढाच त्याचा आणि सिगारेटचा संबंध. मावशी त्याला आपल्या जुन्या इस्पितळात घेऊन गेली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी छातीचा फोटो उजेडासमोर धरला, बराच वेळ बघितला आणि मग त्याला विचारलं, की तुम्ही दगड फोडता का? दगडाची बारीक धूळ फुप्फुसात जाऊन बसली होती. ती बाहेर काढता येत नाही, त्यांनी स्पष्ट सांगितलं. नवी जाऊ द्यायची नाही, एवढंच हातात आहे.

मावशीने कंपनीच्या फाटकावर जाऊन आवाज चढवला आणि मग कंपनीचे एक चष्मेवाले साहेब स्वतः लाँड्रीत आले. पाणी वाहून नेणाऱ्यांवर देखरेख करायचं काम त्यांच्याकडे होतं. फार गोड बोलले. भावाला ते बाळ म्हणाले. कंपनीच्या मोठ्या इस्पितळात त्याची सगळी सोय होईल, औषधं, प्राणवायू, जे लागेल ते, असं त्यांनी सांगितलं. फक्त घरातल्या गोष्टी घरात राहिलेल्या बऱ्या. निघताना यंत्रावर हात फिरवून म्हणाले, चांगलं यंत्र आहे, ते चालू राहायला हवं. मावशी त्यांच्या बुटांकडे बघत होती. काळे, चकाकते, तळव्यालासुद्धा माती नाही. हा माणूस खाणीवर कधी गेलेला नाही, तिने ओळखलं, आणि जाणारही नाही.

पुढचे दिवस वाईट गेले. भावाचे उपचार सुरू झाले होते आणि मावशीचं तोंड बंद होतं. तिला वाटायचं, बोललं तर भावाचा श्वास जातो आणि गप्प बसलं तर गल्लीचं पाणी जातं. गल्लीलाही वास लागला होता. आता लोक मावशीकडे तसे बघायला लागले जसे ती त्यांच्याकडे बघायची. हिचा नवरा टँकरवर, भाऊ कंपनीच्या इस्पितळात, कपडे कंपनीचे. हिला काहीतरी ठाऊक आहे. शिंपीणबाईच्या दोऱ्याचं रीळ पूर्वी मावशीच्या टेबलावर असायचं, ते तिने उचलून नेलं. दुकानात मावशी गेली की बोलणं थांबायचं.

अशात पर्यावरण खात्याने जाहीर सुनावणी ठेवली. मुख्याध्यापिकांनी अर्ज केला होता; शाळेच्या टाकीचं पाणीही पिवळं झालं होतं. कंपनीने आधीच सांगून टाकलं, की पाणी जमिनीतच मुळात खराब आहे, आमचा त्याच्याशी थेंबभरही संबंध नाही. खाणीवर एका दिवसात माती टाकून गवत लावलं गेलं.

सुनावणीच्या आधी मावशीने एक दृश्य पाहिलं. चौकात चष्मेवाल्या साहेबांची जीप थांबली आणि तिच्यातून नवरा उतरला. साहेबांनी खिडकीतून त्याच्या खांद्यावर थोपटलं. घरी येऊन तो त्याबद्दल एक शब्द बोलला नाही. ती वाट बघत राहिली. तो जेवला, आडवा झाला. याला त्यांनी खिशात घातलं, मावशीच्या मनाने घेतलं. सुनावणीपर्यंत ती त्याच्याशी कामापुरतंही बोलली नाही. ताट आपटून ठेवायची, आणि तो ते मुकाट्याने ओढून घ्यायचा.

सभागृह तेच होतं, काचेचा नमुना फक्त नव्हता. कंपनीचे वकील पुढे बसले होते, गल्ली मागे. मावशी मध्येच, दोन्हीकडे खुर्च्या रिकाम्या सोडून. मुख्याध्यापिका बोलल्या, शिंपीणबाईही बोलली. बॅटरीवाला आला होता. शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून उभा होता. अधिकाऱ्यांनी विचारलं, की खाणीत पाणी सोडताना कोणी पाहिलंय का? सभागृहात कोणी हललं नाही. भाऊ शेजारच्या खुर्चीवर येऊन बसला होता, त्याच्या छातीतली घरघर तिला ऐकू येत होती. ती उठणार होती का, हे तिला नंतर कधीच नक्की सांगता आलं नाही, कारण त्याआधी नवरा उठला.

"पाहिलंय कशाला," तो म्हणाला. "मीच सोडलंय."

तो पुढे गेला. हातातली टोपी नीट टेबलावर ठेवली आणि आयुष्यात बोलला नव्हता इतकं बोलला. कधीपासून सोडलं, कोणी सांगितलं, दिवसाला किती खेपा, वास कसा यायचा, डोळे कसे झोंबायचे. दुसऱ्या कुठल्याही ड्रायव्हरचं नाव त्याने घेतलं नाही. विचारलं तेव्हा म्हणाला, की माझं विचारा. कंपनीचे वकील उठले आणि त्यांनी विचारलं, की ही कबुली दिल्याने आपल्यावर खटला होऊ शकतो, हे आपल्याला कळतंय ना?

"ते मला जीपमध्ये बसवून आधीच सांगितलंय," तो म्हणाला. "साहेब म्हणाले, नळीला हात माझा होता, त्यांचा नव्हता. आणि माझ्या मेव्हण्याचं औषध बंद होईल."

अधिकाऱ्यांनी लिहून घेणं थांबवून वर पाहिलं. मावशीने भावाकडे बघितलं. तो समोर बघत, श्वास पुरवून पुरवून हळू आवाजात म्हणाला, "मीच म्हटलं दाजींना, ताई. माझ्यासाठी गप्प बसू नका म्हणून. तुला सांगितलं असतं तर तू अडवलं असतंस."

तिने अडवलं असतं, हे खरं होतं. ज्याच्यावर ती पंधरवडाभर दात धरून होती तो नवरा आणि ज्याच्यासाठी ती गप्प बसली होती तो भाऊ, दोघं तिच्या पाठीमागे हे ठरवत होते.

पुढे जे झालं ते अशा प्रकरणांत नेहमी होतं तसंच झालं. खाण खणली, गवताखाली लाल माती काळी पडलेली निघाली. गल्लीतल्या सगळ्या बोअर बंद करून नगरपालिकेने दुरून नळाने पाणी आणलं. कंपनीने सांगितलं, की हे सगळं कंत्राटदाराचं काम, आम्हाला कल्पना नव्हती; आणि कंत्राटदार बदलला. चष्मेवाल्या साहेबांची दुसऱ्या शहरात बदली झाली. पाण्यात काय होतं, ते अधिकाऱ्यांनी लेखी विचारलं. त्यालाही व्यापारी गुपित असंच उत्तर आलं, आणि ते गुपित आजही गुपितच आहे. खटला उभा राहिला तो एकाच माणसावर, नळी धरणाऱ्या ड्रायव्हरवर.

भावाची औषधं सांगितल्याप्रमाणे बंद झाली. मावशीने मोठं यंत्र विकलं. जुन्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई होतील तेवढी मदत करतात. भाऊ आता लाँड्रीच्या दाराशी उन्हात बसून बटणं लावतो. थकला की थांबतो. कंपनीचे सूट कुठे धुतले जातात कोण जाणे. जिथे धुतले जात असतील तिथल्या बाईने नाकाला काही बांधलं असेल का, असं मावशीच्या मनात येतं.

बॅटरीवाल्याकडे ती गेली. चुकलं म्हणाली. तो एका बॅटरीचं झाकण उघडत होता. हातातलं काम त्याने थांबवलं नाही. तुम्हाला माफ केलं असं मी म्हणेन आणि तुम्ही घरी जाल, तो म्हणाला, पण माझी गिऱ्हाइकं अजून विचारतात, तोच ना तू, पाणी नासवणारा? तिथून परत येताना वाटेत भेटेल त्याला, बॅटरीवाल्याचं नाव घेऊन, आपली चूक कशी झाली ते ती सांगत आली. अजून सांगते. काहींना वाटतं, मावशीचं डोकं जरा फिरलंय.

खटल्याची तारीख असली की ती नवऱ्याबरोबर जाते. गेल्या खेपेला त्यांच्या वकिलांनी बाहेरच्या बाकावर बसवून त्याला समजावलं, की आत फक्त एक वाक्य बोला: त्या पाण्यात काय होतं हे मला ठाऊक नव्हतं. ते खरंही आहे, कंपनीनेच ते लपवलंय, आणि बहुतेक तेवढ्यावर सुटका होईल. त्याने मावशीकडे बघितलं. मावशीने मुद्दाम दुसरीकडे बघितलं. याने काय बोलावं ते आपण ठरवायचं नाही, असं तिने घरून निघतानाच ठरवलं होतं.

आत गेल्यावर तो ते वाक्य बोलला. न्यायाधीश पुढचा कागद ओढणार, तेवढ्यात म्हणाला, "ठाऊक नव्हतं साहेब. पण चांगलं नव्हतं, एवढं ठाऊक होतं."

वकिलांनी कपाळाला हात लावला. टंकलेखकाने ते टिपून घेतलं आणि पुढची तारीख पडली.

परतीच्या बसमध्ये दोघं शेजारी बसली होती. माळ आला तेव्हा खिडकीतून गॅसच्या विहिरींच्या चिमण्यांवरच्या ज्वाळा दिसायला लागल्या; पूर्वी होत्या त्याहून दोन जास्त. नवरा म्हणाला, "वेडा म्हणशील मला."

"म्हणेन," मावशी म्हणाली, आणि बस वळली तशी आधाराला तिने त्याचा दंड धरला, तो उतरेपर्यंत सोडला नाही.